उष्णता शिरते कुठून? : एका घरगुती सौर थंडपेटीच्या निमित्ताने



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं की छापण्यात काही चूक झाली आहे का. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आणि सौर थंडपेटी! चूक झालेली नाही. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात 'कारण म्हणजे काय' हे शिकवलं, आणि म्हातारपणी एका खोक्यानं त्याच विषयाची आमची तोंडी परीक्षा घेतली. पहिल्या खेपेला आम्ही नापास झालो. कसे झालो, तेच आज सांगायचं आहे.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या अंगावरून गेलं. माड, पोफळी, विजेचे खांब, सगळं आडवं झालं आणि पुढे कित्येक दिवस घरात वीज नव्हती. घरात तीन म्हातारी माणसं: थोरले बंधू म्हणजे अण्णा, वहिनी आणि आम्ही. वहिनींना रोज इन्शुलिन लागतं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते तापलं तर त्याचा गुण उतरतो आणि गोठलं तर फेकूनच द्यावं लागतं. कुणी म्हणेल, मडक्यात ठेवा. मडकं विदर्भात मे महिन्यात छान काम करतं, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं. जूनमधली कोकणची हवा आधीच पाण्यानं भरलेली. मडक्यातलं पाणी उडणार कुठे? आमचं मडकं बाहेरच्या हवेपेक्षा एक-दोन अंश गार होऊन थांबलं. मग मासळीबाजारातून बर्फ आणायचा उद्योग सुरू झाला. पडलेली झाडं चुकवत, मोटारसायकलवर, गोणपाटात गुंडाळून. तो बर्फ घरी येईपर्यंतच निम्मा होई.

त्या अनुभवावरून पुतण्यानं एक पेटी बनवली. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, हाताचा कुशल. आतली जागा सगळ्या बाजूंनी ३० सेंटिमीटर, भोवती १० सेंटिमीटर थर्मोकोल, बाहेरून प्लायवूड, त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा. झाकण वरून. एका बाजूच्या भिंतीत पेल्टिए जातीची चकती. वीज दिली की हिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. मुळात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका फ्रेंच माणसानं १८३४ साली हा परिणाम पाहिला म्हणून त्याचं नाव. चकतीच्या आतल्या अंगाला एक आणि बाहेरच्या अंगाला एक अशा ॲल्युमिनियमच्या दातेरी पाट्या, त्यांना पंखे, आणि अंगणात १०० वॅटचं सौर पॅनेल. योजना साधी होती: दिवसा सूर्यानं सांभाळायचं, रात्री आत ठेवलेल्या बर्फानं. दिवसाचं गणित कसंबसं जमलं. रात्रीचं काही केल्या जमेना. संध्याकाळी ठेवलेला बर्फ सकाळी बघावं तर संपत आलेला.

"गारवा कुठून तरी निसटतोय," अण्णा म्हणाले. आपण सगळे असंच बोलतो. दार लावा, गारवा जातो. इथे जरा थांबू या, कारण भाषेनंच आम्हाला पहिला चकवा दिला. गारवा नावाची वस्तू पेटीत नसते. जे काही जातं-येतं ती उष्णता, आणि ती बाहेरून आत येते. आपल्याकडे वैशेषिकांनी स्पर्शाचे तीन प्रकार मानले. शीत, उष्ण आणि दोन्ही नव्हे असा. शीतस्पर्श हा पाण्याचा गुण, उष्णस्पर्श तेजाचा, उरलेला पृथ्वीचा आणि वायूचा. म्हणजे त्यांच्या लेखी थंडपणा हा भावरूप, स्वतःच्या पायांवर उभा असलेला गुण. गंमत अशी, की हीच मंडळी अंधाराला मात्र वेगळं द्रव्य मानायला तयार नव्हती. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, असं त्यांनी भाट्ट मीमांसकांशी भांडून मांडलं. अंधाराला लावलेला न्याय त्यांनी थंडीला लावला असता तर बरं झालं असतं! पण त्यांना दोष देऊन काय उपयोग, आमच्या घरात २०२१ साली तीच समजूत होती. आणि ती नुसती शब्दांची बाब नव्हती. 'गारवा निसटतो' म्हटलं की माणूस फट शोधतो, कारण निसटायला फट लागते. 'उष्णता शिरते' म्हटलं तर लक्षात येतं की तिला फट लागत नाही. ती भरीव लोखंडातूनही येते, किंबहुना तिथून जास्त सुखानं येते.

मग आम्ही आधी कागदावर हिशेब मांडला. भिंतीतून किती उष्णता येते, हे चार गोष्टींवर ठरतं. भिंतीचं क्षेत्रफळ आणि आत-बाहेरच्या तापमानातलं अंतर, ही दोन वाढली की ती वाढते. जाडी वाढली की कमी होते. आणि चौथा पदार्थाचा स्वभाव. चांगल्या थर्मोकोलसाठी हा स्वभावाचा आकडा ०.०३५ च्या आसपास, प्लायवूडसाठी ०.१२ च्या घरात, साध्या पोलादासाठी ५०, ॲल्युमिनियमसाठी २०० च्या वर. आमच्या पेटीच्या भिंतींचं सरासरी क्षेत्रफळ धरलं तर जवळजवळ एक चौरस मीटर भरतं. मे महिन्यातल्या रात्री बाहेर २८ अंश, आत बर्फ म्हणजे शून्य. गुणाकार केला तर साडेनऊ वॅट येतात. एक झिरोचा दिवा आत अहोरात्र जळतोय, असं समजा.

प्रत्यक्षात किती उष्णता येते, हे मोजायचं कसं? महागडी उपकरणं नव्हती, पण बर्फ होता. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल लागतात, शाळेतल्या ऐंशी कॅलरी त्याच. तेव्हा बर्फ किती वितळला ते तोललं, की उष्णता तोलल्यासारखंच झालं. ही युक्ती आमची नव्हे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाच्या भांड्यात ठेवून, वितळलेल्या पाण्याच्या वजनावरून त्याच्या अंगातून निघालेली उष्णता मोजली होती. खोलीतली उष्णता आत येऊन हिशेब बिघडवू नये म्हणून त्यांनी भांड्याभोवती बर्फाचं आणखी एक आवरण ठेवलं. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं, खोलीची उष्णताच मोजायची होती, तेव्हा ते आवरण वगळलं. जाता जाता सांगतो: लाव्हाझिए उष्णतेला एक द्रव मानत होता आणि १७८९ च्या ग्रंथात त्यानं तिला मूलद्रव्यांच्या यादीत बसवलं. सिद्धान्त पुढे साफ मोडीत निघाला, मोजमापाची रीत मात्र टिकली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आम्ही फार उशिरा, म्हणजे निवृत्तीनंतर, सांगू लागलो याची हळहळ वाटते.

कृती अशी. आदल्या दिवशीच पेटीत बर्फ ठेवून भिंती गार करून घ्यायच्या, नाहीतर भिंतींत साठलेली उष्णताच बर्फ खाते आणि आकडा फुगतो. मग लादीचे तुकडे करून चाळणीत घ्यायचे आणि त्यांना पाणी सुटेपर्यंत थांबायचं, म्हणजे बर्फ खरोखर शून्य अंशावर आला. खाली पातेलं. चकती आणि पंखे बंद. संध्याकाळी सातला झाकण लावायचं, सकाळी सातला पातेल्यातलं पाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. रात्रीच्या हवेत चढउतार असतो म्हणून एका रात्रीवर विसंबायचं नाही, तीन रात्री घ्यायच्या.

हिशेबाप्रमाणे पाणी सव्वा किलोच्या आतबाहेर निघायला हवं होतं. निघालं २ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे साडेनऊ नव्हे, २० वॅट. निम्म्याहून जास्त उष्णता आमच्या कागदावर नसलेल्या वाटेनं येत होती.

इथे आमच्या अंगातला मास्तर जागा झाला. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारणं शोधण्याच्या पद्धती सांगितल्या, त्यांतली एक अवशेष पद्धती. घटनेतला जो भाग माहीत असलेल्या कारणांनी समजतो तो वजा करा, उरलेला भाग उरलेल्या कारणांचा. नेपच्यून ग्रह याच धर्तीवर सापडला. युरेनसच्या चालीतला हिशेबाबाहेरचा भाग त्याच्याकडे बोट दाखवत होता. आपल्या नैयायिकांकडेही परिशेष आहे. वात्स्यायन शब्दाचं उदाहरण देतो: शब्द द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून राहिला तो गुण. पण या रीतीत एक मेख आहे, आणि ती आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत असू. पर्यायांची यादी पुरी असेल तरच उरलेला पर्याय खरा. यादीत जो नाहीच, तो वजाबाकीनंतर हाती लागेल कसा?

आमची यादी होती: झाकण, सांधे, वायर जायला तळाशी पाडलेलं भोक, आणि झाकण उघडणारी माणसं.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे घरात कटुता होती. अण्णा वहिनींवर करवादत. "तू सारखी पेटी उघडतेस, बर्फ राहील कसा?" वहिनी गप्प बसत. आम्ही गणित केलं. पेटीत २७ लिटर हवा मावते. झाकण उघडल्यावर ती सगळीच्या सगळी बदलली, असं धरू. झाकण वर असल्यामुळे तेवढी बदलतही नाही, गार हवा जड असते, ती तळाशी बसून राहते. तरीही आत आलेली दमट हवा गार करायला आणि तिच्यातली वाफ निववायला दोन हजार जूलसुद्धा पुरे होतात. म्हणजे बर्फ किती? पाच-सहा ग्रॅम. दहा वेळा उघडली तरी पन्नास-साठ. इथे हरवत होते तेराशे-चौदाशे ग्रॅम! आम्ही कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मुकाट्यानं वहिनींना चहा विचारला. आमच्या घरात याला दिलगिरी म्हणतात.

फटींचं प्रकरण मात्र खरं होतं. रात्री पेटीत विजेरी लावून ठेवली आणि खोली अंधारी केली, तर झाकणाच्या एका कोपऱ्याला उजेडाची रेघ दिसली. कागदाची पट्टी झाकणाखाली धरून ओढली, तीन बाजूंना अडकली, त्या कोपऱ्यात सहज निघाली. मग उदबत्ती. तळाच्या भोकापाशी धूर बाहेर ढकलला जाई, वरच्या फटीपाशी आत ओढला जाई. यातच सारं आलं. एकच भोक फारसं नुकसान करत नाही. एक वर आणि एक खाली अशी जोडी जमली की गार हवा खालून ओघळते, तिच्या जागी वरून गरम हवा येते, आणि चूल उलटी टांगल्यासारखी ही वाहतूक रात्रभर चालते. आम्ही झाकणाला नवा रबर लावला, वायरीच्या भोकात सिलिकॉन भरलं. पाणी २१०० ग्रॅमवर आलं. पाचशे ग्रॅमची कमाई.

इथे आमच्याकडून एक गाढवपणा झाला. रबर आणि सिलिकॉन, दोन्ही एकाच दिवशी केलं. त्यामुळे या पाचशेंतले कुणाचे किती, ते आजही सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे व्यतिरेक पद्धतीचं पहिलं कलम. विद्यार्थ्यांचे याच चुकीला आम्ही गुण कापत असू.

अजून जवळजवळ नऊशे ग्रॅमचा पत्ता नव्हता. पुतण्यानं लांबून तापमान दाखवणारी बंदूक आणली, करोनाकाळात कपाळावर धरत त्याच जातीची, पण यंत्रांसाठीची. जिथून उष्णता आत जाते तिथे बाहेरचा पृष्ठभाग भोवतालपेक्षा गार असायला हवा, हा तर्क बरोबर होता. आम्ही पेटीचा इंच न् इंच तपासला. सगळीकडे २८. दोन आठवडे आम्ही या आकड्यावर विश्वास ठेवून थर्मोकोललाच शिव्या देत होतो. नंतर समजलं, चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक चालत नाही. तो आरशासारखा समोरच्या भिंतीची उष्णताच परत पाठवतो; आम्ही पेटीचं नव्हे, माजघराचं तापमान मोजत होतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला की खरा आकडा येतो. हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आमचे दोन आठवडे वाचवून घ्या. हाताच्या स्पर्शावरही जाऊ नका. लोखंडी कडी आणि शेजारचं लाकूड एकाच तापमानाला असलं तरी कडी गार लागते, कारण ती हातातली उष्णता पटकन ओढते.

आणि मग एका पहाटे वहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्या पंख्यामागच्या पाटीला रोज रात्री घाम येतो हो. मी फडक्यानं पुसते."

किती दिवस पुसताय, आम्ही विचारलं. म्हणाल्या, पेटी आली तेव्हापासून. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

मंडळी, ती बाहेरची दातेरी पाटी. दिवसा ती तापते, हात लावला तर चटका बसतो. आमच्या डोक्यात तिचं नाव 'गरम बाजू' असं पक्कं बसलेलं. रात्री तिच्यावर दव पडतं, म्हणजे ती हवेपेक्षा पाच-सात अंशांनी तरी गार आहे, म्हणजे उष्णता तिच्यातून आत चालली आहे! चकतीला वीज आहे तोवर ती उष्णता आतून बाहेर उपसते. सूर्य मावळला, वीज थांबली, की ती नुसती चार मिलिमीटर जाडीची एक वस्तू उरते, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या मोठ्या पाट्या चिकटलेली. १० सेंटिमीटर थर्मोकोलच्या भिंतीत आम्ही आमच्याच हातांनी उष्णतेचा पूल बांधला होता आणि त्याला थंड करायचं यंत्र म्हणत होतो. म्हणून तो संशयितांच्या यादीत आलाच नाही. थंडी देणारा थंडी घालवील कसा? आम्ही यादी वस्तूंच्या नावांवरून आणि कामांवरून केली होती. उष्णतेला नावं वाचता येत नाहीत. तिला दिसतो पदार्थ, जाडी आणि दोन टोकांमधलं अंतर, एवढंच.

तपासणी सरळ होती. संध्याकाळी पाट्यांसकट चकती काढली आणि त्या खिडकीत तेवढ्याच मापाचं थर्मोकोलचं बूच ठोकून बसवलं. बाकी काही बदललं नाही, या खेपेला शहाणपण आलं होतं. सकाळी पाणी १३५० ग्रॅम. साडेसातशे ग्रॅमचा चोर, म्हणजे जवळजवळ सहा वॅटचा, सापडला.

पुतण्याचं मत स्क्रूंवर होतं. दोन पाट्या एकमेकींना आवळणारे चार मिलिमीटर जाडीचे चार पोलादी स्क्रू. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पोलाद थर्मोकोलच्या चौदाशे पट उष्णता वाहतं, आणि हे स्क्रू तीनच सेंटिमीटर लांब, त्यामुळे चौघे मिळून पेटीच्या साऱ्या भिंतींच्या पावपट वाट होते. ऐकायला भयंकर. म्हणून चकती परत बसवून, फक्त स्क्रू स्टेनलेसचे घालून पाहिले, ते साध्या पोलादाच्या एक तृतीयांशच उष्णता वाहतात. फरक काट्यावर कळण्याजोगा पडला नाही. का? स्क्रू ज्या दोन पाट्यांना जोडतात त्यांनाच चकतीही जोडते, आणि तिची वाट स्क्रूंच्या वाटेच्या पाच-सहा पट रुंद. शिवाय पंखे बंद असताना पाट्यांना हवेतून उष्णता घ्यायलाच वेळ लागतो, अडसर तिथे आहे. हमरस्ता उघडा ठेवून शेजारची पायवाट बुजवल्यासारखं झालं. चूक नाही, पण त्यानं काही थांबत नाही.

आता रोज संध्याकाळी बूच, सकाळी चकती. चार चिमट्यांवर बसेल अशी पुतण्यानं सोय केली आहे, वहिनी स्वतः बदलतात. चार किलो बर्फ पूर्वी दीड रात्र पुरत असे, आता जवळजवळ तीन रात्री पुरतो. तेवढ्या खेपा वाचतात. इन्शुलिन बर्फाला टेकू नये म्हणून वरच्या जाळीवर वेगळ्या डब्यात असतं, डब्यात तापमापक. ढगाळ दिवसांत पॅनेल फार कमी वीज देतं, तेव्हा दिवसाही बूचच लावून ठेवतो. अर्धवट चालणाऱ्या यंत्रापेक्षा बूच बरं.

राहता राहिले हिशेबापेक्षा जास्तीचे १३५ ग्रॅम, म्हणजे एक वॅट. झाकणाच्या कडेची लाकडी चौकट असेल, कोपऱ्यांतले सांधे असतील. पावसाळ्यानंतर थर्मोकोलमध्ये ओल धरते, म्हणून झाकण दर दोन महिन्यांनी तोलून वहीत लिहून ठेवतो. वजन वाढलं तर पाणी शिरलं. किंवा कदाचित पेटीत काहीच नसेल आणि आम्ही धरलेला ०.०३५ हा आकडाच आमच्या थर्मोकोलला लागू नसेल. बाजारात हलका-भारी सगळाच माल एका नावानं विकतात. वजाबाकीत उरलेली रक्कम वस्तूत आहे की आपल्या गृहीतकात, हे ती रक्कम स्वतः सांगत नाही. पुतण्याला ती शोधायची आहे. वहिनी म्हणतात, एक वॅट राहू दे, मला रोज पुसायचं काम उरलं नाही एवढं पुरे.

येताना एक तुकडा बूच आणि जुने चार स्क्रू पिशवीत घालून आणले आहेत. हातात घेऊन बघायचे असतील त्यांनी पुढे यावं, तोवर प्रश्न घेऊ.